बँक जोखीम कशी सांभाळते? ठेवीदारांसाठी एक धडा

बँकेत पैसे ठेवले म्हणजे ते तिजोरीत ठेवले, असा आपल्यापैकी बहुतेकांचा समज असतो. हा समज चुकीचा आहे. बँकेत ठेव ठेवणे म्हणजे बँकेला उसने पैसे देणे होय. कायद्याच्या दृष्टीनेही ठेवीदार हा धनको आणि बँक ही ऋणको असते. आपले दुकानदार बांधव एखाद्या नव्या गिऱ्हाइकाला दहा हजारांचा माल उधार देताना चार ठिकाणी चौकशी करतात. याची पेढी कशी आहे, मागची उधारी कुणाची थकली आहे काय, जामीन कोण राहील, हे सर्व विचारतात. परंतु तेच दुकानदार मुलीच्या लग्नासाठी किंवा हजसाठी वर्षानुवर्षे साठविलेली पुंजी बँकेच्या हवाली करताना एकही प्रश्न विचारीत नाहीत. पाटी मोठी, शाखा वातानुकूलित आणि व्याजदर शेजारच्या बँकेपेक्षा थोडा जास्त, एवढे त्यांना पुरेसे वाटते.

या लेखात आम्ही बँकेचा व्यवहार आतून कसा चालतो, त्यात कोणकोणत्या जोखमी असतात, त्या सांभाळण्यासाठी काय व्यवस्था असते आणि ती व्यवस्था कोठे तुटते, हे क्रमाने मांडणार आहोत. विषय थोडा रुक्ष आहे. पण ज्याला आपल्या दुकानाचा हिशेब कळतो, त्याला बँकेचा ताळेबंद कळणे मुळीच अवघड नाही.

एका बँकेचा हिशेब

समजण्यासाठी एक काल्पनिक बँक घेऊ. तिच्याकडे लोकांच्या ठेवी आहेत १०० कोटी रुपये. सभासदांचे भागभांडवल आणि आजवरच्या नफ्यातून साठलेली गंगाजळी मिळून बँकेचा स्वतःचा निधी आहे १० कोटी. म्हणजे बँकेच्या हाती एकूण ११० कोटी रुपये आले. ते तिने कोठे लावले?

रिझर्व्ह बँकेकडे राखून ठेवले ३ कोटी. हातातील रोकड आणि इतर बँकांतील शिल्लक १२ कोटी. सरकारी रोखे २२ कोटी. इमारत, संगणक, फर्निचर वगैरे ५ कोटी. उरलेले ६८ कोटी कर्जाऊ दिले. झाला हिशेब पुरा.

यात पहिली गोष्ट लक्षात येते ती अशी की, ११० कोटींच्या उलाढालीत बँकेचे स्वतःचे फक्त १० कोटी आहेत. बाकी सर्व दुसऱ्यांचे आहे. दिलेल्या ६८ कोटींच्या कर्जांपैकी ७ कोटी बुडाले तर स्वनिधी ३ कोटींवर येईल. १० कोटी बुडाले तर तो शून्य होईल. त्यानंतर बुडणारा प्रत्येक रुपया ठेवीदाराचा असेल. म्हणजे साधारण सात रुपयांच्या कर्जातला एक रुपया बुडाला की बँक रिकामी झाली. आपल्या धंद्यात सातातले एक गिऱ्हाईक बुडवे निघाले तर आपण हळहळतो, पण दुकान चालूच राहते. बँकेचे तसे नसते.

दुसरी गोष्ट नफ्याची. ही बँक ठेवींवर सरासरी ६ टक्के व्याज देते आणि कर्जावर १० टक्के घेते असे धरू. मधले अंतर ४ टक्क्यांचे. त्यातूनच पगार, भाडे, वीज, कर सर्व भागवायचे. आता एक कोटीचे एक कर्ज पूर्ण बुडाले, तर ते भरून काढण्यासाठी २५ कोटींच्या चांगल्या कर्जांवरील वर्षभराचे अंतर खर्ची पडते, आणि तेही पगार-भाडे न धरता. म्हणूनच बँकेच्या धंद्यात शंभर कर्जे देण्यापेक्षा एक वाईट कर्ज नाकारणे अधिक महत्त्वाचे असते.

कर्ज बुडण्याची जोखीम

सर्वांत जुनी आणि सर्वांत मोठी जोखीम हीच. ती कमी करण्यासाठी बँक तीन गोष्टी पाहते. कर्जदाराची नियत आणि पूर्वीचा व्यवहार, परतफेड करण्याइतके त्याचे उत्पन्न, आणि तारण. यांतील क्रम महत्त्वाचा आहे. तारण शेवटी येते. चांगली बँक तारण पाहून कर्ज देत नाही, कर्ज फिटेल असे दिसले तर देते आणि तारण वेळप्रसंगासाठी ठेवते. जागा गहाण आहे म्हणून डोळे मिटून दिलेले कर्ज वसूल करताना कोर्टकचेरी, लिलाव आणि पडलेला बाजारभाव यांत वर्षे निघून जातात. ठेवीदाराला पैसे मात्र आज हवे असतात.

कर्ज थकले आहे हे ओळखण्याचा नियमही ठरलेला आहे. एम. नरसिंहम समितीच्या १९९१ च्या अहवालानंतर रिझर्व्ह बँकेने १९९२ पासून यासंबंधीचे निकष आणले. आज सर्वसाधारणपणे मुद्दल वा व्याजाचा हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की ते कर्ज अनुत्पादित, म्हणजे एनपीए, मानले जाते. मग त्यावरील न आलेले व्याज उत्पन्नात धरता येत नाही आणि नफ्यातून त्यासाठी तरतूद करावी लागते. कर्जाचा दर्जा जसा घसरतो तशी तरतूद वाढत जाते. पूर्ण बुडीत कर्जासाठी ती १०० टक्के असते.

नियम चांगला आहे, पण त्याला बगल देण्याची एक जुनी युक्ती आहे. आपल्याकडे तिला ‘नवे-जुने करणे’ म्हणतात. मार्चअखेर आली की थकलेल्या कर्जदाराला नवे कर्ज मंजूर करायचे, त्यातून जुने फेडून घ्यायचे आणि कागदोपत्री खाते स्वच्छ दाखवायचे. थकबाकी नाहीशी होत नाही, ती पुढच्या वर्षात ढकलली जाते आणि व्याजासकट वाढते.

बुडीत कर्जाचा धक्का सोसण्यासाठी स्वनिधी किती असावा, याचेही प्रमाण ठरविलेले आहे. त्याला भांडवल पर्याप्तता किंवा सीआरएआर म्हणतात. यात प्रत्येक मालमत्तेला जोखमीनुसार वजन दिले जाते. रोकड आणि सरकारी रोखे यांना शून्य, साध्या कर्जाला १०० टक्के, असे ढोबळमानाने समजावे. आपल्या काल्पनिक बँकेचे हे प्रमाण सुमारे १३ टक्के भरेल. नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये जी नवी चौकट घातली, तिच्यात सर्वांत लहान गटातील बँकांना किमान ९ टक्के आणि त्यावरील गटांतील बँकांना १२ टक्के प्रमाण ठरविले व मोठ्या गटांना ते गाठण्यासाठी मार्च २०२६ पर्यंत मुदत दिली.

एकाच कर्जदारावर भिस्त

प्रत्येक कर्ज चांगले असले तरी सर्व कर्जे एकाच ठिकाणी अडकली असतील तर बँक धोक्यात असते. म्हणून एका कर्जदाराला आणि एका उद्योगसमूहाला किती द्यावे यावर मर्यादा असते. मार्च २०२० च्या आदेशानुसार नागरी सहकारी बँकेसाठी ती मूळ भांडवलाच्या अनुक्रमे १५ आणि २५ टक्के झाली. त्याआधीही मर्यादा होतीच, फक्त समूहासाठी ती अधिक सैल, म्हणजे भांडवली निधीच्या ४० टक्के, होती.

ही मर्यादा झुगारली तर काय होते, याचे सर्वांत कडू उदाहरण आपल्या मुंबईतच घडले. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक, म्हणजे पीएमसी बँक, १९८४ साली स्थापन झाली. वाढता वाढता तिच्या १३७ शाखा आणि ११ हजार कोटींहून अधिक ठेवी झाल्या. मार्च २०१९ च्या अहवालात ढोबळ एनपीए ३.७६ टक्के, निव्वळ एनपीए २.१९ टक्के आणि भांडवल पर्याप्तता १२ टक्क्यांच्या वर होती. कागदावर कोणीही नाव ठेवू नये अशी ही बँक होती.

सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले. सहा महिन्यांत एका खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येतील, असा पहिला आदेश होता. मग उघड झाले ते असे. सुमारे ८,८८० कोटींच्या कर्जांपैकी ६,५०० कोटींहून अधिक, म्हणजे जवळपास ७३ टक्के कर्ज एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाला दिलेले होते. रक्कम बँकेच्या स्वनिधीच्या कित्येक पट होती. ही ४४ खाती तपासनिसांच्या नजरेस पडू नयेत म्हणून त्यांच्या जागी २१,०४९ बनावट लहान खाती दाखविण्यात आली होती. बांधकाम समूह अडचणीत आला आणि त्याच्याबरोबर बँकही बसली.

काढण्याची मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढली आणि जून २०२० मध्ये एक लाखावर आली. २५ जानेवारी २०२२ रोजी ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. त्या योजनेनुसार ठेवीदारांना पाच लाखांपर्यंतची रक्कम ठेवी विम्यातून मिळाली आणि त्यावरील ठेवींची परतफेड १० वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने ठरली. ज्याची हयातभराची कमाई तेथे होती आणि वय साठीच्या पुढे होते, त्याने १० वर्षांचा हिशेब कसा मांडायचा?

याआधीही असा धडा मिळाला होता. २००१ साली अहमदाबादच्या माधवपुरा मर्कंटाईल को-ऑपरेटिव्ह बँकेने शेअर दलालांच्या एका गटाला मोठ्या रकमा दिल्या आणि बाजार कोसळताच ती अडचणीत आली. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांना शेअर दलालांना कर्ज देण्यास मनाई केली. माधवपुराचा परवाना अखेर २०१२ मध्ये रद्द झाला.

मुदतीची जोखीम

समजा, भिवंडीच्या एखाद्या यंत्रमागधारकाने सूत ३० दिवसांच्या उधारीवर घेतले आणि कापड ९० दिवसांच्या उधारीवर विकले. धंदा नफ्यात आहे, गिऱ्हाईकही चांगले आहे. तरीही ३१ व्या दिवशी सूतवाला दारात उभा राहील तेव्हा हातात पैसे नसतील. बँकेची स्थिती रोजच अशी असते. ठेवीदार आपले बचत खाते आज रिकामे करू शकतो, पण बँकेने दिलेले घरकर्ज २० वर्षांनी फिटणार असते.

यावर उपाय दोन. पहिला, काही भाग कायम हाताशी ठेवणे. कायद्याने बँकेला ठेवींचा काही हिस्सा रिझर्व्ह बँकेत रोख आणि काही हिस्सा सरकारी रोखे वगैरेंत ठेवावाच लागतो. १९९० च्या सुमारास ही दोन्ही प्रमाणे मिळून ठेवींच्या निम्म्याच्या वर होती. पुढे ती टप्प्याटप्प्याने कमी झाली आणि २०२५ च्या अखेरीस रोख राखीव प्रमाण ३ टक्के व वैधानिक तरलता प्रमाण १८ टक्के होते. दुसरा उपाय म्हणजे येणाऱ्या आणि जाणाऱ्या पैशांच्या मुदतींचा तक्ता मांडणे. येत्या पंधरवड्यात किती ठेवी मुदतपूर्तीस येतात, किती हप्ते वसूल होतील, तूट किती, ती कोठून भरायची, हे ज्या बँकेत नियमित पाहिले जाते तिची झोप शांत असते.

हा तक्ता बिघडला की मोठी संस्थाही थांबते. आयएल अँड एफएस समूहाने वर्षानुवर्षे चालणाऱ्या रस्ते-पुलांच्या प्रकल्पांत पैसा घातला, पण त्यासाठी अल्प मुदतीची कर्जेही घेतली. समूहावर सुमारे ९१ हजार कोटींचे कर्ज होते. २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात देणी थकली आणि देशभरातील वित्त कंपन्यांना पैसा मिळणे कठीण झाले.

मुदतीच्या जोखमीला व्याजदराची जोखीम चिकटलेली असते. १०० रुपयांचा, ६ टक्के व्याजाचा, १० वर्षांचा सरकारी रोखा घेतला. उद्या बाजारात ८ टक्क्यांचे रोखे मिळू लागले तर आपला रोखा कोणी १०० ला घेणार नाही, तो साधारण ८६-८७ रुपयांना जाईल. सरकार बुडाले नाही, व्याजही वेळेवर येते, तरी आज विकायचे तर १३ रुपये गेले. अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँकेचे नेमके असेच झाले. व्याजदर तळाला असताना तिने लांब मुदतीचे रोखे भरमसाट घेतले. २०२२ पासून अमेरिकेत दर झपाट्याने वाढले आणि रोख्यांच्या किमती पडल्या. ठेवी परत करण्यासाठी रोखे विकावे लागले तेव्हा १.८ अब्ज डॉलरचा तोटा जाहीर झाला. दुसऱ्याच दिवशी, ९ मार्च २०२३ रोजी, ठेवीदारांनी एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढून घेतले आणि १० मार्चला बँकेला कुलूप लागले. तिच्या कर्जदारांनी तिला बुडविले नव्हते, मुदतीच्या हिशेबाने बुडविले.

माणसांची जोखीम

तिसरी जोखीम कामकाजाची. जुन्या पेढ्यांवर तिजोरीच्या दोन चाव्या दोन माणसांकडे असत. त्यामागे तत्त्व असे की जो व्यवहार करतो त्यानेच तो तपासू नये. आजच्या बँकेतही एक कर्मचारी नोंद करतो आणि दुसरा ती मंजूर करतो. शाखेबाहेरचा हिशेबनीस मधूनमधून येऊन रोकड मोजतो.

लंडनची बेअरिंग्ज बँक १७६२ पासून चालत आलेली होती. तिच्या सिंगापूर कार्यालयात एकच तरुण कर्मचारी सौदेही करी आणि त्या सौद्यांचा हिशेबही तोच पाही. त्याने तोटे ८८८८८ क्रमांकाच्या एका खात्यात दडविले. फेब्रुवारी १९९५ मध्ये ते उघड झाले तेव्हा तोटा ८२ कोटी पौंडांहून अधिक होता. २३० वर्षांहून जुनी बँक एका पौंडाला विकली गेली.

मुंबईत फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत तिजोरीतील रोकड आणि पुस्तकातील शिल्लक जुळेना. १२२ कोटींच्या अपहाराची फिर्याद दाखल झाली. १३ फेब्रुवारीला निर्बंध आले, ठेवीदार शाखांसमोर रांगेत उभे राहिले. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये ही बँक सारस्वत बँकेत विलीन झाली. रोकड मोजणे हे बँकेतील सर्वांत साधे काम. तेच चोख झाले नाही तर संगणक आणि मोठमोठे अहवाल काय करणार?

ठेवी विमा किती आणि कशाला?

एवढे करूनही बँक बुडाली तर? १९६० साली पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक बुडाल्या. त्यानंतर १९६१ चा ठेवी विमा कायदा आला आणि १ जानेवारी १९६२ पासून विमा सुरू झाला. सुरुवातीला संरक्षण होते १,५०० रुपयांचे. १९९३ मध्ये ते एक लाख झाले आणि २०२० च्या फेब्रुवारीपासून पाच लाख झाले. विम्याचा हप्ता बँक भरते, ठेवीदाराला काही द्यावे लागत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनुसार निर्बंध लागल्यापासून साधारण ९० दिवसांत विम्याची रक्कम मिळण्याची तरतूद झाली.

व्यापाऱ्यांनी येथे चार गोष्टी नीट समजून घ्याव्यात.

पहिली, पाच लाखांची मर्यादा खात्यागणिक नसून एका बँकेतील एका ठेवीदारामागे असते. बचत, चालू, मुदत ठेव, सर्व शाखा, मुद्दल आणि व्याज यांची बेरीज केली जाते. तीन शाखांत तीन खाती काढून काही साधत नाही. दोन वेगळ्या बँकांत ठेवल्यास मात्र मर्यादा वेगवेगळी लागते.

दुसरी, आपण दुकानाचे एकटे मालक असाल तर दुकानाच्या नावाचे चालू खाते आणि आपले घरचे बचत खाते एकत्र धरले जाते. भागीदारी पेढीचे खाते मात्र वेगळे धरतात.

तिसरी, त्याच बँकेचे आपल्यावर कर्ज असेल तर ती देणी वजा होऊ शकतात.

चौथी, सहकारी बँकेचे घेतलेले भाग म्हणजे ठेव नव्हे. त्यांना हा विमा नाही.

पतसंस्था आणि बिनव्याजी संस्था

हा विमा बँकांसाठी आहे. पतसंस्था वा पतपेढी ही बँक नव्हे. ती सहकार कायद्याखाली नोंदविलेली असते, तिला रिझर्व्ह बँकेचा बँक परवाना नसतो आणि तिच्या ठेवींना डीआयसीजीसीचा, म्हणजे वरील ठेवी विम्याचा, आधार नसतो. अनेक पतसंस्था उत्तम चालतात आणि ज्या लहान विक्रेत्याला बँक दारात उभे करीत नाही त्याला त्याच उपयोगी पडतात. पण तेथे पैसे ठेवताना ती जाणीव असावी.

आपल्या समाजात व्याज टाळणारे पुष्कळ बांधव चालू खात्यात किंवा बिनव्याजी संस्थेत पैसे ठेवतात. त्यांनी एक लक्षात घ्यावे. व्याज नाही म्हणजे जोखीम नाही, असे नव्हे. बिनव्याजी कर्जही थकते, तेथेही एकालाच जास्त दिले जाऊ शकते, तेथेही ठेवीदार एकाच दिवशी रांग लावू शकतात. उलट व्याजाचे अंतर नसल्याने तोटा भरून काढण्याची ताकद कमी असते. म्हणून अशा संस्थेत हिशेब अधिक काटेकोर हवा, सैल नव्हे.

आणि जेथे हिशेबच दाखविला जात नाही, तेथे धार्मिक शब्दांवर विसंबून राहू नये. बंगळूरच्या आय मॉनेटरी ॲडव्हायझरी या संस्थेने हलाल नफ्याच्या नावाखाली हजारो कुटुंबांकडून पैसे घेतले. गुंतवणूकदारांना कागदावर भागीदार दाखविले जाई. जून २०१९ मध्ये ती कोसळली. तेथे पैसे गमावणाऱ्यांत बहुसंख्य लोक आपल्यासारखेच साधे होते. सोने-नाणे, घर विकून आलेली रक्कम, निवृत्तीचा पैसा, सारे त्यात गेले. भागीदाराला पेढीचा ताळेबंद पाहण्याचा हक्क असतो. जो भागीदार म्हणवतो पण ताळेबंद दाखवीत नाही, त्याच्यापासून दूर राहावे.

अहवाल हातात आल्यावर काय पाहावे?

सहकारी बँकेचा वार्षिक अहवाल सभासदाला मिळतो. बहुतेक जण मुखपृष्ठावरील फोटो पाहून तो रद्दीत टाकतात. पुढच्या वेळी एवढे तरी पाहावे.

१. भांडवल पर्याप्तता किती? ठरवून दिलेल्या किमान प्रमाणाच्या काठावर आहे की बरीच वर?

२. ढोबळ आणि निव्वळ एनपीए किती? मागील तीन वर्षांचे आकडे शेजारी ठेवून पाहावे. एका वर्षाचा आकडा फसवू शकतो, तीन वर्षांची चाल सहसा फसवीत नाही.

३. ठेवींच्या तुलनेत कर्जे एकदम फुगली आहेत काय? कर्जे भराभर वाढतात तेव्हा एनपीएचे प्रमाण काही काळ आपोआप कमी दिसते.

४. संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांच्या नावे काही कर्जे आहेत काय? एकाच धंद्यात, विशेषतः बांधकामात, किती रक्कम अडकली आहे?

५. हिशेब तपासनिसांनी कोणता वर्ग दिला आणि शेरे काय मारले? अहवालाची मागची पाने, बारीक अक्षरातील टिपा, हाच खरा अहवाल असतो.

६. व्याजदर इतरांपेक्षा पुष्कळ जास्त का आहे? ज्या बँकेला स्वस्त पैसा मिळत नाही तीच महाग पैसा उचलते. कारण विचारावे.

७. बँकेवर रिझर्व्ह बँकेचे काही निर्बंध किंवा दंड आहेत काय? रिझर्व्ह बँक असे आदेश प्रसिद्ध करते.

वार्षिक सर्वसाधारण सभेत हे प्रश्न विचारण्याचा सभासदाला हक्क आहे. सभेत चहा-नाश्ता घेऊन भेटवस्तूची पिशवी उचलून घरी येणाऱ्या सभासदांनीच अनेक संचालक मंडळांना निर्धास्त केले आहे.

मग ठेवीदाराने करावे काय?

येथे एक प्रामाणिक प्रश्न उभा राहतो. पीएमसी बँकेचे आकडे तर चांगले होते. मग अहवाल वाचून उपयोग काय? उपयोग आहे, पण त्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. अहवाल वाचल्याने दुबळी बँक ओळखता येते. खोटे आकडे दाखविणारी बँक मात्र बाहेरून ओळखता येत नाही. तेथे तपासनीस फसले, तर सामान्य ठेवीदार काय ओळखणार?

म्हणून ठेवीदाराने बँकेकडूनच धडा घ्यावा. चांगली बँक आपल्या कर्जदारांबाबत जे करते तेच आपण आपल्या बँकांबाबत करावे. ती एकाच कर्जदाराला सगळे देत नाही, आपणही सगळे एकाच बँकेत ठेवू नये. ती काही रक्कम कायम हाताशी ठेवते, आपणही दुकानाचा दोन-तीन महिन्यांचा खर्च वेगळ्या बँकेत ठेवावा. एका बँकेला निर्बंध लागले तर कामगारांचा पगार आणि माल देणाऱ्याचे पैसे तरी थांबणार नाहीत. ती मुदतींचा तक्ता मांडते, आपणही लग्न, शिक्षण, हज यांच्या तारखा पाहून ठेवींच्या मुदती ठरवाव्यात. आणि एका बँकेतील आपली सर्व रक्कम, व्याजासकट, शक्यतो पाच लाखांच्या आत राहील असे पाहावे. बेरीज त्यापुढे जात असेल तर दुसरी बँक पाहावी.

जोखीम कधी नाहीशी होत नाही. ती ओळखावी लागते, मोजावी लागते आणि वाटून ठेवावी लागते. बँकेच्या कारभाराचे सारे शास्त्र एवढ्यात आले. ज्या दुकानदाराला उधारीची वही सांभाळता येते, त्याला हे शास्त्र नवे नाही. आपली ठेव हीसुद्धा एक उधारीच आहे, एवढे ध्यानात ठेवून त्या वहीत बँकेच्या नावाचेही एक पान उघडावे.